कार्यकारी विशेषाधिकार (अमेरिका)

राष्ट्राध्यक्ष व त्यांचे निकटचे सल्लागार यांच्यातील विचारविनिमय काँग्रेस किंवा न्यायालयापुढे उघड न करण्याचा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा हक्क. संविधानात त्याचा उल्लेख नाही. सत्ताविभाजनाच्या तत्त्वातून तो निष्पन्न होतो, असे मानले जाते.

उगमाविषयी मतभेद आहेत. अनेक लेखक तो १७९२ पर्यंत मागे नेतात. नोव्हेंबर १७९१ मध्ये वॉबॅश नदीकाठी जनरल आर्थर सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा मूलनिवासी जमातींनी दारुण पराभव केला. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने कागदपत्रे मागितल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मंत्र्यांशी मसलत केली. जे कागद उघड केल्याने लोकहिताला बाध येईल ते राष्ट्राध्यक्षांनी नाकारावेत, असे ठरल्याचे टॉमस जेफर्सन यांच्या टिपणांवरून कळते. प्रत्यक्षात मात्र कागदपत्रे देण्यात आली. म्हणून राउल बर्जर यांच्यासारखे अभ्यासक या प्रसंगाला पूर्वोदाहरण मानीत नाहीत. नकारच घडला नसल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. १७९६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या ‘जे’ कराराची (जे ट्रीटी) कागदपत्रे वॉशिंग्टन यांनी खरोखरच नाकारली. पण करारांना संमती देण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाचा नसून सिनेटचा आहे, यावर त्यांचा मोठा भर होता. आजची संज्ञा बहुधा १९५० च्या दशकात रूढ झाली.

राष्ट्राध्यक्षांवर समन्स काढता येते, हे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०७ मध्ये ॲरन बर यांच्या राजद्रोह खटल्यात मान्य केले होते. विशेषाधिकाराला सर्वोच्च न्यायालयाची स्पष्ट मान्यता मिळाली ती ‘युनायटेड स्टेट्स वि. निक्सन’ (२४ जुलै १९७४) या निकालात, आणि त्याच निकालात त्याला मर्यादाही पडली. खटल्यात भाग घेतलेले आठही न्यायमूर्ती एकमत होते. हा हक्क संविधानमूलक आहे, पण निरपवाद नाही; केवळ गोपनीयतेची सर्वसाधारण सबब फौजदारी खटल्यातील पुराव्याच्या विशिष्ट गरजेपुढे टिकत नाही; आणि हक्काची व्याप्ती न्यायालयच ठरवील, असे त्यांनी म्हटले. वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी व तिची लपवाछपवी) राष्ट्राध्यक्षांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती सादर करण्याचा हा आदेश आल्यावर पंधरवड्यातच रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. लष्करी व राजनैतिक गुपितांचा प्रश्न मात्र न्यायालयाने बाजूला ठेवला. शासकीय गुपितांविषयीचा ‘रेनॉल्ड्स’ (१९५३) निकाल याहून वेगळा. दोहोंची गल्लत होऊ नये.

माजी राष्ट्राध्यक्षांनाही हा हक्क सांगता येतो, हे १९७७ मध्ये मान्य झाले.

काँग्रेसबरोबरचे वाद बहुधा वाटाघाटींनी मिटतात, त्यामुळे त्यांवर न्यायनिर्णय थोडे आहेत. वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीला अपील न्यायालयाने १९७४ मध्ये ध्वनिफिती नाकारल्या होत्या.