रक्तात न उतरणारं औषध

तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसला, की चिनी माणूस म्हणतो, 'मुक्यानं ह्वांगल्येन खाल्लं.' चव इतकी कडू की जीव कासावीस व्हावा, आणि सांगायला वाचा नाही! ही मुळी मोडली की आतून पिवळीधमक निघते. चिनी वैद्य शेकडो वर्षं ती हगवणीवर देत आले. आपली दारुहळद वेगळ्या कुळातली, पण तिचाही पिवळेपणा आणि कडूपणा त्याच रसायनाचा: बर्बेरिन. रसांजन म्हणजे दारुहळदीचा आटवून घट्ट केलेला काढाच.

चीनमध्ये बर्बेरिनच्या गोळ्या जुलाबावरचं स्वस्त औषध म्हणून खपतात. २००४ साली तिथल्या संशोधकांना दिसलं, की या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलही उतरतं. पुढे फॅटी लिव्हरवर प्रयोग सुरू झाले. आता गंमत अशी, की गिळलेल्या बर्बेरिनपैकी एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. मग यकृतावर परिणाम होतो कसा?

यातलं एक कोडं २०१५ साली बऱ्यापैकी सुटलं. आतड्यातल्या काही जीवाणूंकडे नायट्रोरिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते बर्बेरिनला हायड्रोजन जोडून त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतं. हे रूप आतड्याच्या भिंतीत सुमारे पाचपट सहज शोषलं जातं आणि तिथल्या पेशींमध्ये शिरलं, की त्याचं पुन्हा बर्बेरिन होतं. वेषांतर करून वेस ओलांडायची आणि आत गेल्यावर सोंग उतरवायचं, तसं. प्रयोगातल्या प्राण्यांना आधी अँटिबायोटिक देऊन जीवाणू कमी केले, तर रक्तातलं बर्बेरिनही घटलं.

उरलेलं नव्याण्णव टक्के वाया जातं असंही नाही. ते आतड्यातच राहून कोणते जीवाणू वाढावेत नि कोणते हटावेत, हे बदलत राहतं. आणि आतड्यातली उलथापालथ यकृताला लगेच कळते, कारण यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रतिहारी शिरेतून, म्हणजे थेट पचनमार्गाकडूनच येतं.

बीजिंगमधला एक रुग्ण याचं टोकाचं उदाहरण. त्याचं यकृत चरबीनं सुजलेलं, आणि थेंबभर दारू न पिताही, गोडधोड खाल्लं की त्याला झिंग यायची. त्याच्या आतड्यातला क्लेबसिएला न्यूमोनिए हा जीवाणू साखरेपासून मद्यार्क बनवत होता. पोटातच हातभट्टी! तो जीवाणू उंदरांना दिल्यावर त्यांच्याही यकृतात चरबी साचली. हे संशोधन २०१९ चं. फॅटी लिव्हरच्या सगळ्याच रुग्णांना ते लागू नाही, पण यकृताचं दुखणं आतड्यात सुरू होऊ शकतं, हे त्यातून उघड झालं.

मग ह्वांगल्येन घ्यावी का? शांघायमधल्या एका चाचणीत १८४ रुग्ण होते. १६ आठवडे पथ्य आणि व्यायामासोबत बर्बेरिन घेतलेल्यांच्या यकृतातली चरबी ५२.७ टक्क्यांनी घटली. नुसतं पथ्य आणि व्यायाम करणाऱ्यांची ३६.४ टक्क्यांनी. मला यात दुसरा आकडाच जास्त बोलका वाटतो. शिवाय दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणारा गट त्या चाचणीत नव्हता.

'वनस्पतीच आहे, अपाय कसला?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. नवजात बाळांची कावीळ बळावते या भीतीपोटी सिंगापूरनं १९७८ साली ह्वांगल्येनवर बंदी घातली होती. ती उठायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. गरोदरपणात बर्बेरिन टाळायला आजही सांगतात. ते इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं, म्हणून मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर दारुहळदीची पुडी उघडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.