एकच लेन्स, पाच हजार डॉलर: आरएक्स१आर मार्क ३ च्या वादामागचा इतिहास

सोनीने जुलै २०२५ मध्ये आरएक्स१आर मार्क ३ हा छोटा कॅमेरा जाहीर केला. ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, त्याच्यापुढे न निघणारी ३५ मिमी एफ/२ लेन्स आणि किंमत जवळपास ५,१०० डॉलर. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरून घेणारी सोय) नाही, मागची स्क्रीनही जागची हलत नाही. आधीचा मार्क २ दहा वर्षांपूर्वीचा, ३,३०० डॉलरचा होता आणि त्याची स्क्रीन वर-खाली होत असे. दशकभर वाट पाहणाऱ्यांचा संताप झाला, तर काहींनी त्याच दिवशी ऑर्डर नोंदवली. दोघेही असे का वागले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

लेन्स न बदलता येणारा पण उत्तम प्रतीचा छोटा कॅमेरा ही कल्पना १९२५ च्या पहिल्या लायकाइतकी जुनी आहे. १९६६ मध्ये रोलाय ३५ आला. पण 'महाग, लहान आणि तरीही व्यावसायिकांच्या हातात शोभेल असा' हा वर्ग पक्का झाला तो १९९० पासून. काँटॅक्स टी२ टायटॅनियमच्या कवचात आला, निकॉनने १९९३ मध्ये ३५टीआय काढला आणि १९९६ मध्ये मिनोल्टा टीसी-१ व रिको जीआर१ एकाच वर्षी उतरले. जीआर१ ची २८ मिमी लेन्स इतकी वाखाणली गेली की कंपनीने ती लायकाच्या स्क्रू-माउंटमध्ये (आटे फिरवून लेन्स बसवायच्या जोडणीत) वेगळी बनवून विकली. या कॅमेऱ्यांची सगळी पुण्याई लेन्समध्ये असते, याला याहून चांगला दाखला नाही.

डिजिटलच्या सुरुवातीच्या काळात मात्र हा वर्ग कोमेजला. लेन्स चांगली असली तरी मागचा सेन्सर नखाएवढा असे. रिकोने २००५ मध्ये जीआर डिजिटल काढला, त्याचंही हेच दुखणं. सिग्माचा डीपी१ २००८ मध्ये मोठा सेन्सर घेऊन आला. उजेड चांगला असला तर त्याचे फोटो अप्रतिम, पण फोकसपासून कार्डावर फोटो साठवण्यापर्यंत सगळंच संथ.

फुजीने सप्टेंबर २०१० मध्ये कोलोनच्या फोटोकिना या कॅमेरा-प्रदर्शनात एक्स१०० दाखवला आणि पुढच्या मार्चमध्ये तो बाजारात आला. १२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सर आणि २३ मिमी एफ/२ लेन्स, म्हणजे फुल-फ्रेमवरच्या ३५ मिमीच्या तोडीची. लोकांना त्याने जिंकलं ते समोरच्या छोट्या दांडीने. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मधल्या बोटाने ती ओढली की साध्या काचेतून दिसणारं दृश्य जाऊन त्याच चौकटीत इलेक्ट्रॉनिक प्रतिमा येते. काचेतून पाहताना फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे कोण आत येतंय हे आधीच कळतं. शटर लेन्सच्या आत असल्यामुळे आवाज जवळपास नाहीच. पहिल्या आवृत्तीचा ऑटोफोकस मंद होता, तरी पुढच्या पाच आवृत्त्यांचा पाया तिनेच घातला.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, सोनीचा आरएक्स१ आला. स्थिर लेन्सच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात फुल-फ्रेम सेन्सर पहिल्यांदाच बसला होता. वजन ४८२ ग्रॅम, किंमत २,८०० डॉलर. अंगचा व्ह्यूफाइंडर नव्हता, तो वेगळा घ्यावा लागे. तरीही त्या झाइस सोनार लेन्सने टीकाकारांनाही गप्प केलं. माउंट नसल्यामुळे लेन्सचा मागचा भला मोठा भिंग सेन्सरच्या अगदी निकट आणता आला, आणि लेन्स व सेन्सर कारखान्यातच एकमेकांशी जुळवून कायमचे बसवता आले. फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत टिकणारी धार त्यातून येते. २०१५ च्या मार्क २ मध्ये ४२ मेगापिक्सेल, वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडर आणि कमी-जास्त करता येणारा लो-पास फिल्टर (बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे रोखणारा) होता. असा फिल्टर तोवर कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हता, आणि मार्क ३ मधून तो गेलाही.

त्याच वर्षी लायकाने क्यू काढला: २८ मिमी एफ/१.७, फुल-फ्रेम आणि लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन.

या काळात खालचा बाजार फोनने गिळला. जपानी उत्पादकांच्या एकत्रित आकडेवारीत २०१० मध्ये दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे रवाना झाले होते, २०२३ मध्ये जेमतेम सतरा लाख. फोनला जे जमत नाही तेच करणारे कॅमेरे उरले आणि तेच महाग होत गेले. २०२२ पासून टिकटॉकवर फुजीच्या एक्स१०० ची पाचवी आवृत्ती, एक्स१००व्ही, गाजली; कॅमेरा दुकानांतून नाहीसा झाला आणि वापरलेला कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. सोनी दहा वर्षांनी या मालिकेकडे वळली त्यामागे ही मागणी असणार, असं मला वाटतं.

आता मूळ भांडणाकडे. स्टॅबिलायझेशन का दिलं नाही?

सेन्सर हलवायचा तर त्याच्याभोवती चुंबक, तारेची वेटोळी आणि तरंगती चौकट लागते, म्हणजे जाडी वाढते. शिवाय सेन्सर इकडेतिकडे सरकला तरी कोपरे काळे पडू नयेत म्हणून लेन्सने पाडलेल्या प्रतिमेचं वर्तुळ ऐसपैस लागतं. मार्क ३ मधली लेन्स २०१२ चीच आहे, न हलणाऱ्या सेन्सरसाठी आखलेली. स्टॅबिलायझेशन द्यायचं तर बहुधा नवी, मोठी लेन्स करावी लागली असती आणि ४९८ ग्रॅमचं वजन राहिलं नसतं. चारच महिने आधी फुजीच्या जीएफएक्स१००आरएफ वर हेच वादळ येऊन गेलं होतं. १०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट (फुल-फ्रेमहूनही मोठा) सेन्सर, एफ/४ लेन्स आणि स्टॅबिलायझेशन नाही, तेही आकार आटोक्यात राहावा म्हणूनच.

विरोधकांचं उत्तरही पोकळ नाही. फुजीने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स१०० व्हीआय काढताना एक्स१००व्ही ची लेन्स तशीच ठेवली, सेन्सर ४० मेगापिक्सेलचा केला आणि स्टॅबिलायझेशनही बसवलं. वाढ झाली ती ४३ ग्रॅम वजनाची आणि २ मिमी जाडीची. तेव्हा किंमत १,६०० डॉलर. पण तो सेन्सर एपीएस-सी, क्षेत्रफळाने फुल-फ्रेमच्या निम्म्याहूनही लहान. त्याला हलायला जागाही कमी लागते. फुल-फ्रेममध्ये स्टॅबिलायझेशन हवं तर लायकाचा क्यू३ आहे, पण तो बॅटरीसह ७४३ ग्रॅमचा. पाव किलोचा हा फरक दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्याला मानेवर कळतो. रस्त्यावरचे फोटो काढताना माणसं चालती-बोलती असतात. त्यांना गोठवायला शटर १/२५० सेकंदाहून वेगवान ठेवावं लागतं आणि तिथे स्टॅबिलायझेशनचा उपयोग थोडा. कातरवेळचं देऊळ किंवा घाट हातात कॅमेरा धरून टिपणाऱ्याचं मात्र नुकसान आहे, आणि ६१ मेगापिक्सेलवर हाताचा कंप जास्त उघडा पडतो. तरीही स्टॅबिलायझेशन वगळणं मला पटतं. या मालिकेचं सगळं सत्त्व लेन्स आणि सेन्सरच्या त्या जुळणीत आहे, तिला धक्का लावू नये.

स्क्रीनचं तसं नाही. मार्क २ मध्ये ती वाकत होती. कॅमेरा कमरेशी धरून, मान खाली घालून, समोरच्याला न बिचकवता फोटो घेण्याची सोय त्यात होती आणि ३५ मिमीच्या कॅमेऱ्याचं निम्मं काम तेच. एक्स१००व्ही मध्ये वाकणारी स्क्रीन बसली तरी मागची पाठ सपाटच राहिली होती. त्यामुळे सोनीला ते अशक्य होतं, हे मानवत नाही. पावसाचंही तेच. एक्स१०० व्हीआय ला पुढे रिंग आणि फिल्टर लावला की शिंतोडे चालतात, क्यू३ ला धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी५२ दर्जा आहे. मार्क ३ बद्दल कंपनी तसा दावा करत नाही. आषाढात वारीच्या वाटेवर तो उघडा काढायला जीव धजावणार नाही.

किमतीवर विरोधक सर्वांत जास्त बोट ठेवतात ते सोनीच्याच, लेन्स बदलता येणाऱ्या ए७सी आर वर. तेवढेच ६१ मेगापिक्सेल, ५१५ ग्रॅमची बॉडी, आत स्टॅबिलायझेशन, २०२३ मध्ये ३,००० डॉलर. त्यावर ३५ मिमी एफ/१.८ लावली तर साडेसातशे डॉलर आणि २८० ग्रॅम वाढतात. हिशेब बिनतोड आहे. फक्त तो जोड जॅकेटच्या खिशात मावत नाही, त्याला लेन्समधलं मुकं शटर नाही, आणि माउंटमुळे ती लेन्स सेन्सरच्या तितकी जवळ जाऊ शकत नाही. या तीन गोष्टींना तेराशे डॉलरचं मोल आहे का, यावरच सगळी ओढाताण चालू आहे. ज्याच्यासाठी कॅमेरा रोजगाराचं साधन आहे त्याने ए७सी आर घ्यावा, असं मी सांगेन. ज्याला एकाच नजरेने वर्षानुवर्षं पाहायचं आहे, त्याला मार्क ३ नाकारायला स्क्रीन हे एकच सबळ कारण आहे.

रिकोचा जीआर ४ सप्टेंबर २०२५ मध्ये आला: एपीएस-सी, २८ मिमीच्या तोडीची नवी लेन्स, पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, वजन २६२ ग्रॅम. व्ह्यूफाइंडर नाही आणि स्क्रीन त्याचीही हलत नाही. त्यावर मात्र फारसं कुणी ओरडलं नाही, कारण तो १,५०० डॉलरला होता.