सत्तर टक्के कुणाचे? शोधनिबंधावरच्या नावांचा हिशेब

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या फाइली भरायचे दिवस आले की स्टाफरूममध्ये एकच गणित सुरू होतं. पेपर दोघांचा असेल तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोघांपेक्षा जास्त नावं असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा करस्पॉंडिंग (म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला सत्तर आणि बाकीच्यांना प्रत्येकी तीस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८च्या नियमावलीतल्या गुणतक्त्यातली ही वाटणी. विज्ञान शाखांत एका पेपरला मूळ ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा दाखला दिला जातो त्या आकड्याप्रमाणे, मिळणारी भर वेगळी.

आता बेरीज करून बघा. विज्ञानाचा पेपर एकट्याने लिहिला तर ८ गुण. दोघांनी लिहिला तर ५.६ आणि ५.६, मिळून ११.२. पाच जणांनी लिहिला तर पहिल्याला ५.६, उरलेल्या चौघांना २.४, मिळून १५.२. पेपर तोच, पानं तेवढीच, पण नावं वाढली की एकूण गुण वाढतात. आधीच्या, २०१०च्या नियमावलीत असं नव्हतं. तेव्हा पहिला लेखक आणि करस्पॉंडिंग लेखक किंवा गाइड यांना मिळून ६० टक्के आणि राहिलेले ४० बाकी सगळ्यांत सारखे, अशी वाटणी होती. बेरीज शंभरच राहायची, त्यामुळे एक नाव घातलं की दुसऱ्याचे गुण घटायचे. नव्या नियमाने ती ओढाताण संपवली, पण नाव घालून घ्यायचा संकोचही संपवला. ग्रंथालयाच्या काउंटरवर या फाइली बघणाऱ्या माझ्यासारख्याला पेपरवरची नावं लांबत गेल्याचं नवल वाटत नाही.

लेखकांच्या गुणांच्या या एका रकान्यात दोन निरनिराळे इतिहास येऊन मिळाले आहेत. पेपरवर नाव कुणाचं घालायचं हा एक, आणि घातलेलं नाव मोजायचं कसं हा दुसरा.

पहिला जुना आहे. १६६५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. त्यातून एक सोय झाली: अमुक गोष्ट अमुक माणसाने अमुक तारखेला कळवली, याची छापील नोंद राहू लागली. आधी कोण, हा वाद मिटवायला ती पुरेशी होती. माणूस बहुधा एकटाच असे, आणि उपकरणं हाताळणारे मदतनीस गणतीत नसत. पुढची दोन-अडीचशे वर्षं हे असंच चाललं, त्यामुळे ती ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

विसाव्या शतकातल्या दोन गोष्टी मात्र थांबून पाहण्यासारख्या आहेत. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना एक लेख पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये आणला, ‘त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजिक’कडे धाडला आणि शेवटी अनुवादकाची टीप जोडली. लेखक म्हणून नाव छापलं गेलं ते फक्त बोस यांचं. एवढं करून नाव न लावणारा गाइड आज शोधावा लागेल. आपल्या यूजीसीच्या तक्त्यात शोधलेखाच्या अनुवादाला ३ गुण आहेत. आइनस्टाइनना तेवढे मिळाले असते.

दुसरी गोष्ट १९७५ची. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ वापरलं होतं. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ हे चालवून घेणार नाही, असं एका सहकाऱ्याने बजावलं. टाइपरायटरचे दिवस, अख्खा पेपर पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यांनी आपल्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड हे नाव देऊन सहलेखक केलं. पेपर छापून आला. आपल्या नियमाने दोघांनाही सत्तर-सत्तर. किस्सा गमतीचा आहे, पण नावापुढच्या माणसाने (किंवा मांजराने) नेमकं काय केलं हे कुणी विचारतच नव्हतं, हेही त्यातून कळतं.

नावांची संख्या फुगली ती मोठ्या यंत्रांमुळे. २०१५मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲटलस आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानावर मिळून लिहिलेल्या पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांतली ९ पानं विज्ञानाची, उरलेली २४ नावांची आणि संस्थांची. तिथे पहिला लेखक कोण याला काही अर्थ उरत नाही, कारण क्रम वर्णानुक्रमाचा असतो. गणितात आणि अर्थशास्त्रातही पुष्कळदा तसाच. म्हणजे दोघांहून जास्त नावांचा गणिताचा पेपर असेल तर इंग्रजी ‘ए’ने सुरू होणाऱ्या आपट्यांचा पहिला नंबर ठरलेला आणि वैद्यांच्या वाट्याला तीस टक्के, झेंड्यांनी तर आशाच सोडावी. उलट खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेतून येणाऱ्या जीवशास्त्राच्या पेपरांत पहिलं नाव बहुधा प्रयोगाच्या टेबलाशी उभं राहणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं, असा संकेत आहे. प्रत्येक विषयाचा रिवाज वेगळा असताना तक्त्यातली पट्टी एकच.

आता मोजणीकडे. तिचा उगम ग्रंथालयात आहे, आणि त्याच्याही आधी कोर्टात. १८७३ साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी वकिलांसाठी एक सूची काढली: जुन्या निकालाचा दाखला पुढच्या कोणत्या निकालांत दिला गेला, तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे एका नजरेत दिसावं म्हणून. ही कल्पना विज्ञानात आणायचा प्रस्ताव युजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला, आणि १९६०च्या दशकात त्यांच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’, म्हणजे वैज्ञानिक पेपरांच्या दाखल्यांची (सायटेशन्सची) सूची, बाजारात आणला. एखाद्या पेपरापासून पुढे चालत जाऊन त्याच विषयावरचं नंतरचं काम शोधायचं, हा मूळ उपयोग. इम्पॅक्ट फॅक्टरसुद्धा कोणती जर्नल सूचीत घ्यावीत हे ठरवायला निघाला, आणि १९७५पासून वार्षिक अहवालात छापला जाऊ लागल्यावर वर्गणी कशाची भरावी हे ग्रंथपालांना त्यावरून ठरवता येऊ लागलं. माणसाची बढती त्यावर ठरवावी असं त्या आकड्यात काही नव्हतं. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनीही १९४८मध्ये ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावायची सूचना केली होती. तिचाही रोख व्यवस्थेवर होता, व्यक्तीवर नव्हे.

छापील सायटेशन इंडेक्समध्ये एक मेख होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दाखला दिलेला पेपर तिथे फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडे. दुसऱ्या-तिसऱ्या नावाच्या माणसाने स्वतःची सायटेशन्स मोजायला घेतली तर ती दिसतच नसत. पहिल्या नावाला जो भाव आला त्यात मानापेक्षा सूचीच्या या रचनेचा हात थोडाथोडका नसावा, असं माझं मत आहे.

मान कुणाकडे वाहतो याचाही अभ्यास त्याच सुमारास झाला. १९६८मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवलं, की एकत्र केलेल्या कामाचं श्रेय आधीच नावाजलेल्या माणसाच्या पदरात पडतं. निबंधातली बरीच सामग्री हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतून आली होती. निबंध मात्र एकट्या मर्टन यांच्या नावावर. तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी पुढे पुनर्मुद्रणाच्या तळटीपेत कबूल केलं. सिद्धांताचा याहून चोख पुरावा मिळणं कठीण.

२००५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला. प्रत्येकी किमान १२ सायटेशन्स असलेले १२ पेपर तुमच्याकडे असतील तर तुमचा आकडा १२. हा आकडा एका नजरेत वाचता येतो, म्हणून लगेच रुळला. पण तोही पेपर प्रत्येक सहलेखकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण धरतो. एकट्याने लिहिलेला आणि ५,१५४ जणांनी लिहिलेला, दोन्ही सारखेच. २०१८च्या नियमात जी बेरीज शंभरावर जाते, ती इथे तर मर्यादेशिवाय जाते.

या सगळ्यात कोण बाहेर राहतं, याचं ठळक उदाहरण नवी मुंबईच्या अंगणातच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथे १८४०च्या दशकापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गणिताचे गुरू, तरुणपणी तिथे नोकरीला होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली चुंबकीय काम अलिबागला नेलं गेलं. १८४६ ते १९०५ या वर्षांच्या नोंदी मूस यांनी १९१०मध्ये प्रसिद्ध केल्या.

त्यात १८५९चा सप्टेंबर आहे. १ तारखेला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर झळाळी दिसली. २ तारखेच्या सकाळी कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. ही वाचनं डोळ्यांनी घेतलेली होती: एरवी तासातासाला, आणि सुई उधळली की त्याहून जवळजवळ. १४४ वर्षांनी, २००३मध्ये, ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये चार लेखकांचा पेपर आला. त्यांतले तिसरे आणि चौथे, जी. एस. लखिना आणि एस. ॲलेक्स, याच संस्थेचे. कुलाब्याच्या वाचनांवरून त्यांनी त्या वादळाची तीव्रता काढली, आणि सौर वादळांवरच्या लेखनात त्या पेपरचा दाखला सतत दिला जातो. यूजीसीचा तक्ता लावला तर तिसऱ्या-चौथ्या नावाला तीस-तीस टक्के. ज्यांनी त्या दिवशी सुईसमोर बसून आकडे उतरवले त्यांना कुठलंच नाव नाही. छापील खंडावर असायचं ते अधीक्षकाचं. २००९पासून डेटासाइट ही संस्था डेटासंचांना डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक देते, त्यामुळे आता निदान नोंदींचा स्वतंत्र दाखला देता येतो. आपल्या तक्त्यात पुस्तकं, पेटंट, व्याख्यानं यांना रकाने आहेत. डेटा गोळा करून जपण्याला नाही.

मानव्यविद्यांत कुणी काय केलं हे सांगायची जुनी, साधी रीत होती. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या १८९३मधल्या स्थापनेत पुढाकार घेणारे वि. ल. भावे यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’ पाहा. त्यांच्या मागे शं. गो. तुळपुळे यांनी त्यात भर घातली ती वेगळी पुरवणी म्हणून. मूळ कुठे संपतं आणि भर कुठे सुरू होते, हे वाचकाला पानावर दिसतं.

विज्ञानात याची निकड आधी वैद्यकाला वाटली, कारण तिथे खोटा निष्कर्ष रुग्णापर्यंत पोहोचतो. १९७८मध्ये व्हँकूव्हरला जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटाने पुढे १९८५मध्ये लेखक कुणाला म्हणावं याचे निकष दिले, आणि २०१३मध्ये चौथा जोडला: कामाबद्दल जाब द्यायची तयारी. केवळ निधी आणला किंवा विभागप्रमुख म्हणून देखरेख केली, एवढ्याने लेखक होता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. वैद्यकीय संपादक ड्रमंड रेनी आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये आणखी पुढची सूचना केली: चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखं प्रत्येकाचं काम लिहूनच टाका. त्याच वाटेने २०१४मध्ये ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी आली: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष तपास, डेटाची निगा, सॉफ्टवेअर, पडताळणी, पहिला मसुदा, दुरुस्ती वगैरे. २०२२मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक झाली. तिच्यातही फट आहे. निधी आणि देखरेख या दोन्ही भूमिका यादीत आहेत, त्यामुळे वैद्यकाने दारातून परतवलेला माणूस इथे सन्मानाने आत बसू शकतो. तरी केलं काय हे निदान लिहावं लागतं.

२०१२ साली सुरू झालेल्या ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या १६ अंकी क्रमांकाचा, उपयोग आपल्याला विशेष. एस. एस. पाटील नावाचे किती संशोधक एकट्या ठाणे जिल्ह्यात निघतील! लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर सूचीत दोन माणसांचे म्हणून मोजले जातात, तेही या क्रमांकाने एका ठिकाणी येतात.

भारतात मात्र जोर राहिला तो जर्नलांच्या याद्यांवर. गुण हवेत म्हणून पेपर, पेपर हवेत म्हणून पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नल. २०१७ची यूजीसीची मान्यताप्राप्त यादी आली, आणि २०१८च्या मे महिन्यात तीतून ४,३०५ जर्नल एका फटक्यात वगळावी लागली. २०१९मध्ये तिच्या जागी केअर लिस्ट ही पारखलेल्या जर्नलांची यादी आली. पुणे विद्यापीठात तिचं काम चाले. पीएच.डी.आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट २०२२मध्ये गेली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये केअर लिस्टही बंद झाली. जर्नल कसं पारखायचं हे आता प्रत्येक संस्थेने सुचवलेल्या निकषांवरून स्वतः ठरवायचं. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेल्या यूजीसीच्या प्राध्यापक-भरतीच्या नव्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी ‘लक्षणीय योगदाना’च्या नऊ क्षेत्रांचा प्रस्ताव आहे, भारतीय भाषांतून अध्यापन आणि प्रयोगशाळा उभारणं ही त्यांतली दोन.

दरम्यान बऱ्याच जर्नलांत पेपरच्या शेवटी, संदर्भांच्या आधी, कुणी काय केलं याचा चार ओळींचा परिच्छेद छापून येऊ लागला आहे. कॅसच्या फाइलीला पेपरची झेरॉक्स लावताना तो बहुतेकदा येत नाही, कारण पहिलं पान लावून काम भागतं.