विचारायची सुरुवात समुपदेशकाने करावी

नैराश्यावरच्या गोळ्यांचा कामजीवनावर काय परिणाम होतो, हे तपासणारा ३४४ रुग्णांचा एक स्पॅनिश अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. आपणहून तक्रार सांगणारे त्यात १४ टक्के निघाले. डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा आकडा ५८ टक्क्यांवर गेला. गोळ्या त्याच, माणसंही तीच. कुणी विचारलंच नसतं, तर मधल्या ४४ टक्क्यांचा त्रास कागदावर कधी आलाच नसता.

आमच्या इंदुरात चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. रामबाग, लोकमान्य नगरातली मराठी माणसं समुपदेशनाला येतात, झोपेचं सांगतात, साहेबाचं, सासूचं, मुलाच्या दहावीचं सांगतात. वेळ संपते. चपलेत पाय घालता घालता एखादा विचारतो, "मॅडम, त्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?" का, तर "असंच." या 'असंच'मागे पुष्कळदा मंदावलेली कामेच्छा किंवा लांबलेलं स्खलन असतं. ते वेळेवर कळलं तर मनोविकारतज्ज्ञ मात्रा कमी करतात, औषध बदलून देतात. नाही कळलं, तर माणूस परस्पर गोळ्या सोडतो आणि नैराश्य पुन्हा उचल खातं.

समुपदेशक का विचारत नाहीत? लैंगिक समस्यांची नावं परीक्षेपुरती पाठ असतात, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारायचा सराव क्वचितच झालेला असतो. हा संकोच सरावाने जातो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दोन सहकाऱ्यांनी समोरासमोर बसावं, एकाने रुग्ण व्हावं आणि दुसऱ्याने लिंग, योनी, हस्तमैथुन, शीघ्रपतन हे शब्द मोठ्याने, पूर्ण वाक्यात वापरावेत. सुरुवातीला आवाज खाली जातो, नजर वहीत शिरते, हसू येतं. चार-सहा बैठकांनंतर 'भूक कशी आहे' इतक्याच सहजपणे प्रश्न येतो. समोरचा माणूस शब्दांआधी ती नजर वाचत असतो, म्हणून हे महत्त्वाचं.

प्रश्न पहिल्याच भेटीत, सगळ्यांनाच विचारावा. उदाहरणार्थ: "ताण असला की अनेकांच्या झोपेत, भुकेत, कामजीवनात फरक पडतो. तुम्हाला असं काही जाणवतंय का? आज बोलायचं नसेल तरी हरकत नाही, हा विषय इथे केव्हाही काढता येईल." 'अनेकांच्या' म्हटल्याने माणूस एकटा पडत नाही, शेवटच्या वाक्याने नकार द्यायची मोकळीक मिळते. साठीच्या काकूंनाही विचारावं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीत कोरडेपणा येतो, संबंध दुखतात. आणि त्या मात्र 'आता या वयात काय' म्हणून गप्प असतात.

उत्तर आल्यावर पुढे काय, या धास्तीनेही काही जण विषय टाळतात. अमेरिकन मानसतज्ज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ साली मांडलेल्या 'प्लिसिट' या चार पायऱ्या इथे फार उपयोगी पडतात. आधी बोलायची मुभा, मग नेमकी माहिती, मग ठरावीक सूचना आणि सर्वांत शेवटी सखोल उपचार. पुष्कळांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होतं.

आपल्याकडे तर दुसरी पायरी फारच मोलाची. वीर्य गेल्याने शक्ती जाते, या समजुतीने खचलेल्या तरुणांच्या तक्रारींना डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती आजही तीच भीती विकतात. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, हे समुपदेशकाने त्या भिंतीपेक्षा ठसठशीत सांगायला हवं.

तिसऱ्या पायरीचं उदाहरण लिंगाला ताठरता न येण्याचं. 'आज जमेल ना' या काळजीने शरीर धोक्याच्या पवित्र्यात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमकं जमत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीत काही काळ संभोग बाजूला ठेवून जोडप्याला फक्त स्पर्शाचे सराव देतात. परीक्षाच नसल्याने काळजी उतरते. दोन खोल्यांच्या घरात, मध्ये नुसता पडदा आणि पलीकडे सासूबाई असतील तर हा सराव कधी नि कुठे करायचा, हेही त्याच बैठकीत ठरवावं लागतं. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही.

गरजेपेक्षा जास्त तपशील मात्र विचारू नये. उपचाराला लागतं तेवढंच, आणि का विचारतोय ते सांगून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे त्याच वेळी सांगावं आणि तिचे अपवादही.

ताठरतेची तक्रार मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूणही असू शकते, त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांकडे पाठवावंच लागतं. पाठवताना तक्रार काय आहे हे त्या व्यक्तीच्या संमतीने चिठ्ठीत स्पष्ट लिहावं. 'अशक्तपणा' एवढंच लिहिलं, तर तिथून ती टॉनिक घेऊन परत येते.