रिळाला खोबरेल तेल? नकोच!

उजनीच्या काठावर आणि हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट आहे: गळाची दोरी गुंडाळणारं रीळ जड फिरू लागलं की खोबरेल तेल सोडायचं. हा समज चुकीचा आहे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पातळ राहतं, पण डिसेंबरच्या पहाटे हँडल अडखळतं. शिवाय त्यावर गाळ नि धूळ बसून काळपट चिकटा तयार होतो. झाकण उघडलंत तर गिअरच्या दात्यांत तो दिसेलच.

रीळ बादलीत बुडवू नका, पाण्यासोबत बारीक वाळू आत जाते. आधी ड्रॅग (मासा ओढताना दोरी किती जोरावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. सैल न केल्यास आतल्या चकत्या दबून राहतात आणि मासा ओढताना दोरी झटके देत सुटते.

शिलाई मशीनचं पातळ तेल लाइन रोलर (दोरी ज्यावरून सरकते तो छोटा रोलर), हँडलची मूठ आणि बेलच्या (दोरी रिळावर वळवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) सांध्यांना चालतं, तेही प्रत्येकी एकच थेंब. गिअरला मात्र तेल पुरत नाही. जुनं ग्रीस पुसून दात्यांवर नव्या ग्रीसचा पातळ थर द्या. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या रोलर क्लचपासून ग्रीस लांबच ठेवा. तिथे ग्रीस गेलं की क्लच घसरतो, हँडल मागे फिरतं, आणि लोक उगाच नवं रीळ घेतात.