हर्पिसची पीसीआर टेस्ट: कोणाला लागते, फॉर्मात काय भरायचं, कागद कुठले

पहिलंच सांगून टाकतो, हर्पिसची पीसीआर, म्हणजे नमुन्यात व्हायरसचा डीएनए शोधणारी टेस्ट, ही मेडिकलमधून पट्टी आणली आणि घरी करून टाकली असं नसतं. डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि लॅबला आजार जिथे आहे तिथलाच नमुना हवा असतो. गडबड इथेच होते, लोक सरळ लॅबमध्ये जाऊन टॉर्च पॅनेल (अनेक संसर्गांच्या अँटीबॉडी रक्तात एकत्र बघणारी तपासणी) नाहीतर नुसती आयजीएम अँटीबॉडी करून येतात, पैसे जातात आणि रिपोर्ट कामाचा नसतो. आयजीजी, म्हणजे दुसरी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आली तर कधीतरी व्हायरस अंगात शिरला होता एवढंच, जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून जास्त लोकांमध्ये एचएसव्ही-१ (हर्पिसचा टाइप १ व्हायरस) असतोच. आयजीएम तर जुनं दुखणं परत उफाळलं तरी वर येऊ शकतं.

मग टेस्ट कोणाला? ताजे पाण्याचे फोड आलेत आणि ते हर्पिसचे, नागिणीचे की आणखी कशाचे हे कळत नाहीये. किंवा तापासोबत माणूस असंबद्ध बोलायला लागला, झटके आले. किंवा नवजात बाळ दूध पीत नाही, सुस्त पडलंय आणि डॉक्टरला शंका आहे. अंगावर काहीच नसताना नुसत्या धास्तीपोटी पीसीआर होत नाही, नमुना घेणार कुठून?

फोडासाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे झँक स्मिअर, फोड उघडून तळ खरवडायचा, काचेवर पसरून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा, तासाभरात मायक्रोस्कोपखाली मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात. पण हर्पिस की नागीण हे त्यातून कळत नाही. पीसीआर ते सांगते, टाइप १ की २ हेसुद्धा. स्वॅब प्लॅस्टिक काडीचा आणि पॉलिस्टरचा पाहिजे, लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा चालत नाही. फोडावर खपली धरली की व्हायरस कमी सापडतो, म्हणून 'सोमवारी बघू' करू नका.

मेंदूज्वराची शंका असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढतात आणि त्याची पीसीआर होते. काही मोठ्या हॉस्पिटलांत कार्ट्रिजवालं मशीन असतं, ते साधारण तासाभरात बॅक्टेरिया, व्हायरस आणि एक बुरशी मिळून १४ जंतू एकदम तपासतं. साधी पीसीआर मशीनवर काही तासांचीच, पण लॅब नमुने साठवून एकदम लावते किंवा बाहेरगावी पाठवते त्यात दिवस जातात, म्हणून नमुना देतानाच विचारा, पुढची बॅच कधी.

आता फॉर्म. नाव-वय सगळेच भरतात, रिकाम्या राहतात त्या दोन जागा: लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख, आणि नमुना कुठला व कुठून घेतला. नुसतं 'स्वॅब' नाही, 'ओठावरच्या फोडाचा स्वॅब' असं पाहिजे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध सुरू झालं असेल तर तेही लिहायचं. रक्ताची पीसीआर असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, हिरव्या झाकणातलं हेपॅरिन पीसीआरला अडवतं.

कागदपत्रं फार नाहीत: केस पेपर, डॉक्टरच्या सहीशिक्क्याची चिठ्ठी, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र. पेशंट अ‍ॅडमिट असेल तर रेशनकार्डही जवळ ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि या आजाराचं पॅकेज बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन. ओपीडीत स्वॅब देऊन घरी गेलात तर योजनेचा उपयोग नाही. आरोग्य विभागाच्या जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे, पण मेडिकल कॉलेजं त्यात येत नाहीत, आणि ही पीसीआर बहुतेक तिथेच किंवा आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) व्हीआरडीएल, म्हणजे व्हायरस तपासणाऱ्या लॅबमध्ये होते. तिकडे नमुना हॉस्पिटलमार्फत, थंड डब्यात, २ ते ८ डिग्रीत जातो, नातेवाइकाने खिशात ट्यूब टाकून नेऊ नये.

मेंदूज्वराच्या पेशंटला अ‍ॅसायक्लोव्हिर रिपोर्टची वाट न बघता शिरेतून सुरू करतात, तेव्हा 'रिपोर्टआधीच औषध का' म्हणून डॉक्टरशी वाद घालू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतली पीसीआर कधीकधी खोटी निगेटिव्ह येते, त्यामुळे शंका कायम असेल तर ३ ते ७ दिवसांनी पाठीतलं पाणी परत काढतात, आणि त्यासाठी नवा फॉर्म, नवी तारीख.