सलग कथानक आणि स्वयंपूर्ण भाग (विज्ञानकथा मालिका)

दूरचित्रवाणीसाठी विज्ञानकथा मालिका लिहिताना प्रत्येक भागात एक गोष्ट सुरू करून तिथेच संपवायची, की एकच गोष्ट अनेक भागांतून पुढे नेत राहायची, या निवडीतून कथनाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिल्या पद्धतीतील भागाला स्वयंपूर्ण भाग म्हणतात; दुसरीला सलग किंवा क्रमशः कथन म्हणतात. यांखेरीज भागागणिक पात्रे, काळ आणि जगही बदलणारी कथामाला हा तिसरा प्रकार आहे, परंतु तिथे पुढच्या भागावर मागचे कोणतेच ओझे नसल्यामुळे प्रस्तुत नोंदीतील पेच तिला फारसा भेडसावत नाही. दोन्ही पद्धतींतील खरा फरक स्मरणाचा आहे. एका भागात जे घडले ते पुढच्या भागातील जगाला आठवते का, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते का, यावर मालिका कोणत्या पद्धतीची हे ठरते. गोष्ट दोन भागांत विभागली, पण तिसऱ्या भागात तिचा मागमूसही उरला नाही, तर ती मालिका स्वयंपूर्ण पद्धतीचीच मानावी लागते. उलट दर आठवड्याला नवी समस्या सुटत असूनही मागच्या आठवड्याची जखम पात्राच्या वागण्यात दिसत असेल, तर ती मालिका सलग कथनाकडे झुकलेली असते.

विज्ञानकथेचा वेगळा पेच

गुन्हेतपासाच्या किंवा रुग्णालयातील मालिकेला तिचे जग आयते मिळते. न्यायालय म्हणजे काय, हे प्रेक्षकाला शिकवावे लागत नाही. विज्ञानकथेला मात्र जगाचे नियम स्वतः घडवावे लागतात आणि ते प्रेक्षकाच्या गळी उतरवावे लागतात. यानाचा वेग किती, परग्रहवासीयांची भाषा कशी समजते, मृत्यूवर उपाय आहे की नाही, हे सर्व ठरवण्यात बराच वेळ जातो, आणि एकदा घडवलेले जग दर आठवड्याला मोडून नव्याने उभारणे परवडत नाही. हा विचार सलग कथनाच्या बाजूचा आहे. दुसऱ्या बाजूला, विज्ञानकथेचे मूळ बळ ‘असे झाले तर?’ या एका प्रश्नात असते, आणि असा प्रश्न तासाभरात मांडून, ताणून, त्याचे उत्तर देऊन मोकळे होणे हे स्वयंपूर्ण भागाला उत्तम साधते.

पेच खरा उभा राहतो तो या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर, कारण विज्ञानकथेत प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या शोधाच्या रूपाने येते आणि शोध हा सहजासहजी विसरता येत नाही. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या १९८९ मधील एका भागात यानावरील डॉक्टर कॅथरीन पुलास्की यांना झपाट्याने वार्धक्य आणणारा विकार जडतो. त्यांच्या केसांच्या ब्रशवर सापडलेल्या केसातील जनुकीय नमुना घेऊन, माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवणाऱ्या यंत्रातून त्यांना पुन्हा पूर्ववत घडवले जाते. भाग संपतो आणि ये रे माझ्या मागल्या सुरू होते. वार्धक्य उलटवणारे यंत्र यानावर आहे ही बाब संस्कृतीचा पाया हलवणारी असली, तरी ते तंत्र पुढे वैद्यकातील नित्याचा उपचार होत नाही. अशा विसराळूपणाला केवळ लेखकांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तो स्वयंपूर्ण पद्धतीचा नियमच आहे, आणि प्रेक्षकही तो निमूटपणे मान्य करतो.

प्रारंभीचा काळ

बीबीसीने १९५३ मध्ये ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ ही सहा भागांची कथा थेट प्रक्षेपित केली. अंतराळातून परतलेल्या एका माणसाचे हळूहळू होणारे रूपांतर हा तिचा विषय होता, आणि असे रूपांतर आठवड्याआठवड्याने वाढत जाणे हेच भीतीचे कारण होते. त्यांपैकी पहिल्या दोनच भागांचे मुद्रण आज उपलब्ध आहे. त्याच संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ने मधला मार्ग धरला. एक साहस साधारणपणे चार किंवा सहा भागांत चालायचे, पंचवीस मिनिटांचा प्रत्येक भाग ऐन संकटात थांबायचा, आणि साहस संपले की नायक दुसऱ्या काळात निघून जायचा. मासिकातील कथेखाली ‘क्रमशः’ लिहून वाचकाला महिनाभर टांगून ठेवण्याची जी रीत, तीच इथे आठवड्यावर आली.

अमेरिकेत गणित वेगळे होते. ‘द ट्वायलाइट झोन’ (१९५९–१९६४) ही रॉड सर्लिंग यांची १५६ भागांची कथामाला होती. ‘स्टार ट्रेक’च्या (१९६६–१९६९) मूळ मालिकेत पात्रे कायम राहिली, पण प्रत्येक भाग सुटा ठेवला गेला. एखादा भाग चुकला तर तो पुन्हा पाहण्याची सोय प्रेक्षकाकडे नव्हती, त्यामुळे मागचे ठाऊक असल्याखेरीज पुढचे न कळणारी गोष्ट प्रेक्षक तोडायची. शिवाय जुन्या मालिकांचे हक्क स्थानिक केंद्रांना विकण्याचा मोठा व्यवसाय तिथे होता. ही केंद्रे भाग रोज, सोयीच्या वेळी आणि प्रसंगी कोणत्याही क्रमाने दाखवत. सुटा भाग अशा व्यवहारात खपतो. मागील पानावरून पुढे चालू असलेला भाग अडचणीचा ठरतो. नेटवर्कवर तीन पर्वे आणि ७९ भाग चाललेली ‘स्टार ट्रेक’ अशा पुनःप्रक्षेपणांतूनच खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाली, ही गोष्ट पुढच्या निर्मात्यांच्या मनावर दीर्घकाळ कोरलेली राहिली.

या पद्धतीची किंमत एका उदाहरणावरून लक्षात येते. ‘स्टार ट्रेक’च्या ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवलेल्या भागात यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क भूतकाळात जाऊन ईडिथ कीलर या स्त्रीच्या प्रेमात पडतो, आणि इतिहास वाचवण्यासाठी तिला डोळ्यांदेखत मरू देतो. पुढच्याच आठवड्यातील भागात त्याचा भाऊ मरण पावतो. ईडिथचे नावही त्या भागात कोणी काढत नाही. दोन्ही दुःखे आपापल्या तासापुरती खरी आहेत, आणि पहिला भाग तर त्या मालिकेतील सर्वोत्तम भागांत गणला जातो. तरीही ती एकाच माणसाची दुःखे आहेत, असे मालिका कधी जाणवू देत नाही.

नव्वदचे दशक

बदलाची पहिली चिन्हे आतूनच उमटली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ने १९९० मध्ये कॅप्टन पिकार्ड शत्रूच्या ताब्यात गेलेला दाखवून पर्व संपवले. त्याची सुटका झाल्यानंतरचा संपूर्ण एक भाग त्याच्या खचलेल्या मनासाठी दिला गेला, आणि यानावर संकट नसलेला असा भाग त्या मालिकेत अपवादात्मक होता. त्याहून नाजूक उदाहरण १९९२ मधील आहे. एका नष्ट झालेल्या ग्रहाच्या शोधयानामुळे पिकार्ड पंचवीस मिनिटांच्या आसपास बेशुद्ध राहतो आणि तेवढ्यात त्या ग्रहावरील माणसाचे अख्खे आयुष्य, बायको-मुलांसह, जगून येतो. शेवटी त्याच्या हाती एक लहानशी बासरी उरते. पद्धतीप्रमाणे पुढच्या भागात ती नाहीशी व्हायला हवी होती, आणि जवळजवळ वर्षभर तसेच घडलेही. पण १९९३ मधील एका भागात तो ती बासरी काढून एका सहकारी स्त्रीसमोर वाजवतो आणि ती कुठून आली हे तिला सांगतो. कथानक म्हणून हा दुवा अगदी बारीक आहे. मात्र त्या एका वस्तूमुळे मागचा भाग त्या माणसाच्या आयुष्यात खरोखर घडून गेलेला ठरतो.

सलग कथनाचा सर्वांत हट्टी प्रयोग जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्या ‘बॅबिलॉन ५’ने केला. पाच वर्षांची, आरंभ-मध्य-शेवट असलेली एक कादंबरी दूरचित्रवाणीवर लिहायची, असा त्यांचा संकल्प होता. १९९३ मधील प्रारंभिक चित्रपटानंतर १९९४ ते १९९८ या काळात तिचे ११० भाग आले आणि त्यांपैकी ९२ स्ट्राझिन्स्की यांनी स्वतः लिहिले. पहिल्या पर्वातील बरेच भाग सुटे वाटतात. त्यांत पेरलेले धागेदोरे तिसऱ्या-चौथ्या पर्वात हाती लागतात. परंतु आखून ठेवलेली गोष्ट आणि प्रत्यक्षातील निर्मिती यांचा मेळ बसवणे किती कठीण असते, याचाही धडा हीच मालिका देते. मुख्य भूमिकेतील मायकेल ओ’हेअर पहिल्या पर्वानंतर बाहेर पडले आणि कथेच्या मध्यभागी ब्रूस बॉक्सलायटनर यांचे नवे पात्र बसवावे लागले. चौथ्या पर्वानंतर मालिका बंद पडेल, या धास्तीने पाचव्या वर्षासाठी राखलेले बरेच कथानक चौथ्यातच उरकण्यात आले. अखेरचा भागही चित्रित झाला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व मंजूर केले, तो शेवटचा भाग वर्षभर बाजूला ठेवावा लागला, आणि पाचव्या पर्वाच्या पूर्वार्धावर कथानक विरळ झाल्याचा ठपका बसला.

‘द एक्स-फाइल्स’ने (१९९३) दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवल्या. सरकारी कारस्थान आणि परग्रहवासी यांची सलग गोष्ट काही भागांतून चाले, उरलेल्या भागांत दर आठवड्याला एखादे नवे अरिष्ट उभे राही. कारस्थानाची उत्तरे लांबत गेली, तसा तो गुंता कंटाळवाणा झाला. सुट्या भागांतील अनेक गोष्टी मात्र आजही पहिल्यांदा पाहणाऱ्याला तितक्याच पकडून ठेवतात. ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३–१९९९) हळूहळू सलग कथनाकडे सरकली आणि १९९७ मध्ये तिने युद्धाची गोष्ट ओळीने सहा भाग चालवली.

टंचाई आणि हिशेब

१९९५ साली सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ची कल्पना सलग कथनासाठीच जन्मल्यासारखी होती : घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले एकटे यान, मदतीचा मार्ग नाही, साठा मोजका. पहिल्याच पर्वात यानावर ३८ टॉर्पेडो आहेत आणि ते संपल्यावर नवे मिळणार नाहीत, असे स्पष्ट सांगितले जाते. पुढील वर्षांत त्याहून अधिक टॉर्पेडो डागले जातात, आणि पडझड झालेले यान पुढच्या आठवड्यात पुन्हा झकपक दिसते. काही काळ या मालिकेच्या लेखनात असलेल्या रोनाल्ड डी. मूर यांनी नंतर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही संहारातून वाचलेल्या माणसांच्या यानताफ्याची मालिका घडवताना टंचाई गांभीर्याने घेतली. २००३ मधील लघुमालिकेनंतर आलेल्या पहिल्या नियमित भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो, माणसे पाच दिवस झोपलेली नसतात, आणि अध्यक्षांच्या कक्षातील फळ्यावर उरलेल्या मानवजातीचा आकडा, पन्नास हजारांच्या आसपासचा, हाताने लिहिलेला असतो. भागाच्या शेवटी ताफ्यात एक मूल जन्मल्याची बातमी येते आणि त्या आकड्यात एकाची भर घातली जाते. ती कथा त्या तासात संपते; फळ्यावरील हिशेब मात्र पुढे चालू राहतो. नवी मालिका कशी सुरू करावी, याचा इतका नेमका नमुना दुसरा सापडणे कठीण.

सलग गोष्टीला शेवट कधी, हा प्रश्न ‘लॉस्ट’ने (२००४–२०१०) ऐरणीवर आणला. गूढ वाढत होते, पण मालिका किती वर्षे चालणार हे ठाऊक नसल्यामुळे उत्तरे देता येत नव्हती आणि कथेत पाणी घालावे लागत होते. मे २००७ मध्ये वाहिनीने २०१० हे अखेरचे वर्ष जाहीर केले, तेव्हाच लेखकांना मागे मोजत येणे शक्य झाले. क्रम बिघडला तर काय होते, याचे उदाहरण ‘फायरफ्लाय’ (२००२) आहे. पात्रांची ओळख करून देणारा तिचा पहिला भाग वाहिनीने सर्वांत शेवटी दाखवला, आणि तयार झालेल्या १४ पैकी ११ भागच प्रक्षेपित झाले.

ओटीटीनंतर

डीव्हीडी संचांनी सुरू केलेला बदल ओटीटी मंचांनी पूर्ण केला. सर्व भाग हाताशी असल्यामुळे चुकलेल्या भागाची धास्ती संपली, आणि पर्व बावीस-चोवीस भागांवरून आठ-दहा भागांवर आले. ‘डार्क’ (२०१७–२०२०) ही जर्मन मालिका तीन पर्वांच्या २६ भागांत चार कुटुंबांचा कालप्रवासाचा गुंता मांडते. मधला एखादा भाग वगळून ती पाहणे अशक्य आहे, आणि सलग कथनाची ताकद पाहायची तर तीच पाहावी. तिच्याच निर्मात्यांची ‘१८९९’ ही मालिका २०२२ मध्ये एका मोठ्या उलगड्यावर थांबली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. अर्ध्यावर सोडलेल्या सलग गोष्टीचे नुकसान मागे जाऊन आधीच्या भागांनाही लागते, कारण त्यांतील प्रत्येक प्रश्न उत्तराच्या भरवशावर विचारलेला असतो. बंद पडलेल्या सुट्या मालिकेच्या बाबतीत झालेले भाग निदान शाबूत राहतात.

या काळात भाग ही रचनाच झिजली, अशी तक्रार होते, आणि तिच्यात तथ्य आहे. दहा तासांचा एक चित्रपट कापून दहा तुकडे केले, की पाचव्या तुकड्याला स्वतःचा आकार राहत नाही. पात्रे एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, एवढेच त्यात घडते. ‘अँडोर’च्या दुसऱ्या पर्वाने (२०२५) यावर शोधलेला तोडगा लक्षणीय आहे. त्याचे बारा भाग तीन-तीनच्या चार गटांत विभागलेले असून दोन गटांमध्ये एका वर्षाचे अंतर आहे. प्रत्येक गटाला स्वतःचा चढ आणि कळस मिळतो, आणि मधल्या वर्षात काय झाले असेल, ते पात्रांच्या चेहऱ्यावरून ताडावे लागते.

नव्या मालिकेचे पहिले पर्व

नव्याने सुरू होणाऱ्या मालिकेपुढे ही निवड अधिक अवघड असते. प्रेक्षकाचा अजून पात्रांवर जीव जडलेला नसतो, त्यामुळे ‘विश्व धोक्यात आहे’ असे पहिल्याच भागात सांगून त्याला हलवता येत नाही. सुटे भाग अशा वेळी कामाला येतात. एका भागात अभियंता, दुसऱ्यात डॉक्टर, तिसऱ्यात शत्रूची बाजू असे केंद्र बदलत गेले, की जगाचे नियम आणि माणसांचे स्वभाव व्याख्यान न देता कळतात. मोजक्याच सेटांवर उरकलेला काटकसरीचा भाग पुष्कळदा याच कारणाने पर्वातील चांगला भाग ठरतो. पण पर्वच आठ-दहा भागांचे असेल, तर ओळखीपाळखीत निम्मे पर्व घालवणे परवडत नाही, आणि लेखक पहिल्या भागापासूनच गूढाचा आधार घेतात.

‘स्टार ट्रेक’ कुळातील दोन अलीकडच्या मालिकांच्या सुरुवातींत हा फरक समोरासमोर दिसतो. ‘डिस्कव्हरी’ने २०१७ मध्ये युद्धाची सलग गोष्ट घेऊन प्रारंभ केला. तिच्यातूनच निघालेली ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ २०२२ मध्ये सुट्या भागांकडे जाणीवपूर्वक परतली : दर आठवड्याला नवा ग्रह, कधी विनोद, कधी भयकथा, आणि तासाच्या शेवटी उकल. तिचा नायक कॅप्टन पाइक याने मात्र आपल्याला होणारा भीषण अपघात आधीच पाहिलेला आहे. ते भविष्यदर्शन ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या पर्वात घडले होते. ग्रह बदलतो, समस्या सुटते, पण ते ज्ञान त्याच्यासोबत प्रत्येक भागात असते, आणि पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग त्याच प्रश्नावर येऊन उभा राहतो : हे भविष्य त्याने टाळले, तर किंमत कोण मोजेल.